तोडणाऱ्याचा पहिला घास

जीवनने अळंबीचा टोप चुलीवरून उतरवला आणि बायकोच्या हातातली दवाखान्याची फाइल हळूच काढून घेतली.

“आज नको जाऊस. तीन केमोंनी तुझी काय दशा केली, मी बघितलीय. या अळंबीत कॅन्सर मारणारं द्रव्य आहे. प्रयोगशाळेत पेशी मेल्यात.”

“कुणाच्या?”

“काचेच्या बशीतल्या.”

“मी बशीत राहत नाही,” निर्मला म्हणाली. पण फाइल तिने परत मागितली नाही. चौथ्या सुईच्या नुसत्या नावाने तिला मळमळत होतं.

डहाणूची जीप दहाला सुटायची. साडेनऊ झाले होते. जीवन ग्रामपंचायतीत शिपाई. महिनाभर मोबाइलवर वाचून वाचून तो निम्मा डॉक्टर झाला होता. उरलेला निम्मा भीतीने गिळला होता.

त्याची आई बुधीबाई टोपात डोकावली. सायवन गावात अळंबी ओळखावी तर तिनेच. एक तुकडा उचलून तिने वास घेतला, परत टाकला.

“कुठली रे?”

“डोंगराखालच्या वारुळावरची. मीच तोडली.”

“हं.” तिचा चेहरा कोरा. “मग रीत माहीत आहे ना? तोडणाऱ्याने आधी खायची आणि दिवस मावळेपर्यंत ओटीवरून हलायचं नाही. धड राहिलास तर बाकीच्यांनी खायची.”

“वाईट आहे का, आये?”

“मी कुठे काय म्हटलं?”

निर्मला त्याच्याकडेच बघत होती. जीवनने घास तोंडात टाकला, डोळे मिटून गिळला आणि ओटीवर जाऊन भिंतीला टेकला. पोटात काही हलतंय का, याचा कानोसा घेऊ लागला.

“शहाणा माझा,” बुधीबाई म्हणाली आणि फाइल उचलून तिने सुनेच्या काखेत दिली. “याचा निकाल संध्याकाळी. तोवर इथे बसून तू काय करशील? सुई घेऊन ये. तुझी बहीण जीपमध्ये जागा धरून बसलीय.”

“आये!” जीवन उठायला लागला.

“बस. रीत आहे.”

तो बसला. निर्मलाने जाता जाता त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही,” ती म्हणाली. “येते.”

जीप चिखल उडवत वळणाआड गेली. बुधीबाईने टोप पुढ्यात ओढला, नाचणीची भाकर मोडली आणि सावकाश जेवू लागली.

“आये, दिवस कुठे मावळलाय अजून?” जीवन म्हणाला.

“मीठ कमी पडलंय,” ती म्हणाली.