न निवलेली गोटी

मित्रांनो, मी एका गोटीचा अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा केरात गेला. मी मात्र गेली आठ वर्षं एका बंद भट्टीत पडून आहे. भट्टी म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. बिस्किटांच्या डब्यापेक्षा थोडी मोठी अशी ही विजेची पेटी आहे. तिचं दार नीट लागत नाही. फटीतून मला खोली दिसते आणि घरातलं बोलणंही ऐकू येतं. ऐकू आलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मी खेळायची गोटी नव्हते. लिंबाएवढी, नुसती हातात धरून बघायची गोटी होते. मला घडवणाऱ्या बाईला सगळे फिरकी म्हणत. ज्योतीत धरलेली काच सतत फिरवत राहावी लागते. हात थांबला की ती मधासारखी एका अंगाला ओघळते. ही सवय तिच्या बोटांत इतकी मुरली होती की जेवतानाही ती चमचा फिरवत बसायची. "अगं, तो वितळायचा नाही, जेव आता," असं तिचा दादा म्हणायचा. तिला हे काम शिकवलं ते या थोरल्या भावानेच. मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर दोघांचे बर्नर शेजारी शेजारी होते.

माझा जन्म एका संध्याकाळी झाला. फिरकीने आधी जांभळट चष्मा लावला, कारण त्याच्याशिवाय तापल्या काचेभोवती नुसता पिवळा झगमगाट दिसतो. ज्योत निळी आणि टोकदार केली. पारदर्शक काचेवर तिने शेंदरी काचेचे बारीक ठिपके दिले, वर पुन्हा काच चढवली, पुन्हा ठिपके, पुन्हा काच. ठिपके आत ओढले गेले आणि माझ्या पोटात एक फूल उमललं. मग काळ्या ग्राफाइटच्या वाटीत घोळवून तिने मला गोल केलं आणि भट्टीत ठेवलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दादा नेहमी म्हणायचा, "गार काय, चहासुद्धा होतो. काच निवावी लागते." काच भराभर गार झाली तर वरचं अंग घट्ट होतं आणि आतलं अजून तापलेलंच असतं. मग आत आणि बाहेर यांची ओढाताण सुरू होते. ती वरून दिसत नाही. तशी गोटी वर्षभर टिकेल, नाहीतर उद्याच फुटेल. म्हणून भट्टी हळूहळू उतरवायची असते. माझ्या आकाराच्या गोटीला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडायला हवी होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता फिरकीच्या मुलीची शाळा होती. शाळेचा पहिलाच दिवस. मुलगी चार वर्षांची होती. दिसेल ते कोपऱ्यात नेऊन साठवायची, म्हणून घरात तिचं नाव खारूताई पडलं होतं. ती आईला सोडून कधी कुठे राहिली नव्हती. आठवडाभर फिरकीला घास गिळवत नव्हता. ही रडेल का, रडून उलटी काढेल का, कोणी तिला जवळ घेईल का? शेवटी तिने वचन दिलं होतं, "रडली नाहीस तर फुलाची गोटी तुझी. शाळेत खिशात घेऊन जायची."

"आणि मग पॉलिशला नेशील," खारूताई म्हणाली होती.

मुलगी खोटं बोलत नव्हती. याआधी दोनदा आईने तिच्या हातातली गोटी "पॉलिश करून देते हं" म्हणून नेली होती आणि ती दुकानाच्या काचेमागे जाऊन बसली होती.

"नाही नेणार. कायमची तुझी. परत मागणारच नाही, बस?"

सकाळी सात वाजता फिरकीने चिमट्याने मला बाहेर काढलं आणि जाड घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं. तेवढ्यात दादा आला.

"भट्टीचं दार उघडलंस?"

"नुसतं डोकावले रे."

"डोकावलेलंसुद्धा काचेला कळतं, बाईसाहेब," तो हसत म्हणाला आणि कामाला लागला.

आठ वाजेपर्यंत मी कोमट झाले. तडा नव्हता. खारूताईने मला खिशात टाकलं आणि मुठीत घट्ट धरून ती फाटकातून आत गेली. एकदाही मागे वळली नाही. वर्गात बाई म्हणाल्या, "अय्या, आत खरंच फूल आहे की!" सगळी मुलं मला बघायला रांगेत उभी राहिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तेवढा एकच चांगला दिवस.

घरी आल्यावर मुलगी हातपाय धूत होती, तेव्हा फिरकीने मला उचललं. दादाकडे दोन काळसर पातळ पट्ट्या होत्या. त्यांच्यामध्ये नीट निवलेली गोटी धरली तर अंधार दिसतो. ताण असलेली गोटी धरली तर आत रंग पेटतात. तिने मला मध्ये धरलं आणि माझ्यात मोरपंखी, गुलाबी, सोनेरी असे पट्टे उमटले. इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते. फिरकीने मात्र पट्ट्या झटकन खाली ठेवल्या.

यावरही उपाय होता. भट्टीत परत ठेवून पुन्हा तापवायचं आणि सावकाश उतरवायचं. एक दिवस पुरला असता.

"दे माझी!" खारूताई ओल्या हातांनी धावत आली.

"अगं, एकच दिवस. हिला ना... पॉलिश करायचंय."

खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं. पण चार वर्षांच्या मुलीला काय सांगणार, की आईने घाई केली, तुझी गोटी आतून दुखतेय? आणि शेजारीच बर्नरवर दादा काम करत होता. त्याच्यादेखत ते बोलायची तिला लाज वाटली. मुलगी श्वास कोंडून रडायला लागली, निळी पडायला लागली. फिरकीने घाबरून मला तिच्या हातात दिलं. उद्या घेऊ, झोपल्यावर घेऊ.

झोपायच्या आधीच मी लपवली गेले होते. खिडकीबाहेरच्या कठड्यावर लहान झालेला एक बूट पडला होता, त्याच्या आत.

फिरकीने घर पालथं घातलं. उशा उसवल्या, डबे उपसले. "कुठे गं ठेवलीस?" खारूताई म्हणायची, "हरवली." चौथ्या दिवशी फिरकीने शोधणं सोडलं. बुटातून मला काही दिसत नव्हतं, पण आवाजावरून सांगते, "हरवली तर हरवली," असं ती म्हणाली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते थंडीचे दिवस होते. रात्रभर मी बुटात गारठायचे आणि माझ्या आतली ओढ वाढत जायची. मला तोंड नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी खारूताईने मला बाहेर काढलं. आईला पॉलिशच करायचंय ना, मग आपणच करू, असं तिने ठरवलं होतं. आंघोळीच्या वाफाळत्या बादलीत तिने मला बुडवलं आणि दोन्ही मुठींत धरून चोळायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. उजव्या तळव्याला टाके पडले. आतली शीर तुटली होती. अंगठा आणि पहिलं बोट पुन्हा कधी जुळली नाहीत. दादाने माझे तुकडे उजेडात धरून पाहिले. "ही निवलेली नव्हती," तो म्हणाला. "पाणी उकळतं होतं रे," फिरकी म्हणाली. महिन्याभरात त्याने आपला बर्नर दुसरीकडे हलवला. फिरकीने तिचा पुन्हा पेटवलाच नाही; मला मात्र तिने या भट्टीत ठेवून दिलं.

आता खारूताई बारा वर्षांची आहे. डाव्या हाताने लिहिते. शर्टाची बटणं अजून आई लावून देते. परवा काहीतरी शोधताना तिने या भट्टीचं दार उघडलं आणि मला बाहेर काढलं.

"आई, ही अजून ठेवलीयस?"

कपड्यांच्या घड्या घालणारे फिरकीचे हात थांबले. "असू दे."

"मी गरम पाण्यात घातली नसती ना... माझ्या हातून फुटली गं. एवढी सुंदर होती."

फिरकीने तोंड उघडलं. मला वाटलं, आता. आठ वर्षांनी का होईना, आता सांगेल. तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे. लहान होतीस."

स्वतःची चूक होती, आणि तिने मुलीला माफ केलं. मुलीने मला परत आत ठेवलं, दार लोटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी फुटकी वस्तू असेल, आणि तिचं खापर वर्षानुवर्षं तुमच्या डोक्यावर असेल, तर एकदा मोठ्यांना विचारा. ती वस्तू तुमच्याकडे आली तेव्हा धड होती का? ते उत्तर टाळतील, विषय बदलतील. तरी विचारा. खारूताईने विचारलं नाही, आणि तिची आई आपणहून बोलेल असं मला आता वाटत नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते: मी तिच्या हातात फुटले. तिच्या हातून नाही.