रद्द झालेली ऑर्डर

मी ऑर्डरींचा इतिहास बोलतोय. शेअर्स घेण्या-विकण्याच्या एका अ‍ॅपमध्ये मी राहतो. कुणी कधी काय विकायला काढलं, काय घ्यायला सांगितलं, ते जुनं सगळं शोधून द्यायचं, हे माझं काम. माणसं थेट माझ्याकडे फारशी येत नाहीत. येतो तो एआय मदतनीस. माणूस त्याला बोलून विचारतो, तो माझ्याकडे धावतो आणि मी दिलेलं आपल्या शब्दांत माणसाला सांगतो.

या मदतनिसाला मी कोण, हे कसं कळणार? माझ्याबद्दल लिहून ठेवलेला मजकूर वाचून. तो मजकूर कंपनीच्या निगडीतल्या ऑफिसात स्वप्नालीने लिहिला. पोरगी लातूरकडची, बोलायला कमी, कामाला चिवट. तिने लिहिलं, 'ऑर्डर दिली म्हणजे व्यवहार झाला असं नाही. रद्द केलेल्या ऑर्डरीही इथे दिसतात. आधी ऑर्डरची स्थिती पाहावी, मगच उत्तर द्यावं.' आपल्याला कुणीतरी नीट ओळखलं, असं वाटून मी सुखावलो.

तिचा वरिष्ठ निरंजन मात्र घाईत होता.

"अगं, केवढं लांबण लावलंयस! मदतनीस हुशार आहे, त्याचं त्याला कळतं."

"सर, त्याला आपण सांगू तेवढंच कळतं."

"पुढच्या वेळी घालू. आज हे लाइव्ह जायचंय."

मजकूर कापला गेला. उरलं एकच वाक्य : 'खात्यातल्या सर्व ऑर्डरी दाखवतो.' खोटं काहीच नव्हतं त्यात. पण अर्धा मीच त्यातून गळालो होतो.

चाकणला मन्सूर आणि मुबीन या भावांचं गॅरेज होतं. त्यांचे अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात आयुष्यभर राबले. त्यांनी जपलेले शेअर्स त्यांच्यामागे मन्सूरच्या खात्यात आले. मन्सूरच्या मुलीच्या, साबियाच्या शिक्षणापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं घरात ठरलेलं. खातं थोरल्याचं, पण मोबाइलवरचं सगळं धाकटा मुबीनच बघायचा.

एका दुपारी डबा खाता खाता मन्सूरने आपल्या मोबाइलवर सहज मदतनिसाला विचारलं, "अब्बांच्या शेअर्सना कुणी हात लावलाय का?"

मदतनीस माझ्याकडे आला. होतं ते मी दिलं. विक्रीची एक ऑर्डर, मुबीनच्या मोबाइलवरून. आणि शेजारीच शब्द होता, 'रद्द'. मदतनिसाने ऑर्डर उचलली आणि तो शब्द तिथेच सोडला. मग गोड आवाजात सांगून टाकलं, "हो, मुबीन यांच्या मोबाइलवरून सगळे शेअर्स विकले आहेत."

मी तळमळलो. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

पुढचं कळलं ते मन्सूरची बायको हसीना हिच्या फोनमुळे. तक्रार फिरत फिरत स्वप्नालीकडे आली होती.

"ताई, तुमच्या मशीननं आमचं घर फोडलं," हसीना म्हणाली.

मन्सूरने गिऱ्हाइकांदेखत भावाला चोर म्हटलं होतं. मुबीनने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि तो बायकोला घेऊन राजगुरुनगरला तिच्या माहेरी निघून गेला. मग हसीनाने खातं उघडून पाहिलं, तर शेअर्स जिथल्या तिथे.

"माझं ऑपरेशन अचानक ठरलं ना ताई, तेव्हा घाबरून मुबीननं विकायला काढले होते. दोस्तानं पैशाची सोय केली तशी लगेच रद्द केलं. माझ्यासाठीच केलं वो त्यानं. घरात बोलला पण न्हाई."

"मग आता मुबीन परत आले का?"

"हे गेले होते आणायला. रडले त्याच्यासमोर. तर म्हणतो, 'भाई, शेअर्स हाय का न्हाई, त्याचं मला काय नाय. तुमी मोबाइलला विचारलं, मला न्हाई विचारलं.'"

फोन ठेवून स्वप्नाली उठली. निरंजनला जाऊन सगळं सांगितलं. त्याने मान खाली घातली. "घाल ती वाक्यं परत," एवढंच म्हणाला. तिने त्याच दिवशी घातली. आता मदतनीस आधी स्थिती पाहतो. त्या घराला त्याचा काय उपयोग?

स्वप्नाली अधूनमधून हसीनाला फोन करते. मुबीनने राजगुरुनगरला स्वतःचं दुकान टाकलंय. ईदला येतो, शीरखुर्मा खातो, साबियाचे लाड करतो आणि दिवस मावळायच्या आत निघतो. मन्सूर त्याला रस्त्यापर्यंत सोडायला जातो. दोघंही टायरांबद्दल बोलतात.

मला जरूर विचारा. ऑर्डर कधी दिली, कधी रद्द केली, सगळं सांगेन. पण का दिली, का मागे घेतली, यातलं माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही. ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या हाकेच्या अंतरावर काम करत असतो. आधी त्याला हाक मारा.