हेडिंगवरची जागा

अंजलीने संगणकावर हेडिंगवरच्या जागेचा आकडा चाळिसावरून बारावर आणला, आणि पुस्तकातल्या बावीसच्या बावीस गोष्टी एकदम वर सरकल्या. शंभर पानांची शहाण्णव झाली.

"बसलं बघा," शेजारच्या खुर्चीतले सहादूकाका खूश झाले. "रिकाम्या कागदाचं काय लोणचं घालायचंय?"

काका म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. बायकोच्या, धोंडाबाईंच्या, तोंडच्या गोष्टी त्यांनी दोन वर्षं बसून वहीत उतरवल्या होत्या. पुस्तक नातीच्या लग्नात वाटायचं होतं, आणि छापखान्यात कागद शहाण्णव पानांपुरताच कापून ठेवलेला. म्हणून दोघं सकाळीच इगतपुरीहून इंदिरानगरात, अंजलीच्या घरी येऊन बसली होती.

अंजलीला मात्र ती पानं बघवेनात. एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी तिच्या पाठीवर बसलेली. पण गिऱ्हाइकापुढे शहाणपण किती चालवणार? तिने नवी प्रत काढून दोघांपुढे ठेवली.

धोंडाबाईंनी ती मांडीवर घेतली. पानांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्या पानावर आल्या.

"माझी म्हशीची गोष्ट गाळली का काय?"

"आहे ना मावशी. सातवी."

"मंग घावत का नाय?"

अंजली गोंधळली. मावशींना अक्षरओळख नाही, हे काकांनीच तिला सांगितलं होतं. मावशींनी पिशवीतून मागच्या आठवड्यातली प्रत काढली. हाताळून हाताळून तिचे कोपरे मऊ पडले होते. पानं उलटत त्या प्रत्येक गोष्टीवरच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवत गेल्या, ओठातल्या ओठात मोजत. सातव्या जागेवर थांबल्या.

"ही बघा म्हैस. कितव्या जागेवर कोणती, समदं पाठ हाय मला. नातवंडं आली की मीच काढून देते." नवी प्रत त्यांनी हलकेच बाजूला सारली. "ह्याच्यातलं मला नाय वाचता येत."

सहादूकाका बायकोकडे बघतच राहिले. अंजली संगणकाकडे वळली.

"काका, जागा परत सोडू? पण चार पानं वाढतील."

काकांनी नव्या प्रतीची पहिली पानं उघडली. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांचं मनोगत होतं. छत्तीस वर्षांची नोकरी, साहेबांची शाबासकी, कोटातला फोटो. महिनाभर खपून तीनदा लिहिलेलं.

"ताई, माझं मनोगत किती पानांचं?"

"चार."

"काढून टाका."

"अहो काका, पण..."

"काढा, काढा."

धोंडाबाईंनी मान वर केली. "काय काढलं?"

"काय नाय गं. उगाच भरती होती." काकांनी आपली खुर्ची बायकोच्या खुर्चीला लावली आणि जुनी प्रत दोघांच्या मध्ये धरली. "म्हशीच्या पुढं काय हाय, वाच बरं."