ढब्बूचं पोट

ढब्बूने शिवून ठेवलेल्या पुस्तकांच्या फर्म्यांवर ओकारी केली आणि सगळ्यांनी कुत्र्याकडे न बघता सुनेकडे बघितलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आधी फरशी पुसणं भाग होतं. पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचा कारखाना, मागे बिऱ्हाड. कुत्र्याचं पोट बिघडलं की धंदा आणि संसार, दोन्हीला वास.

"बस झालं," सासरे म्हणाले. "गोदामवाल्याला निरोप दिलाय. आज येऊन घेऊन जाईल. राखणीला बरा आहे."

"बाबा, डॉक्टर म्हणाले कुत्रा ठणठणीत आहे. रक्त चांगलं, दात चांगले. पोटात काहीतरी भलतं जातंय, एवढंच."

"मग ते घालतं कोण? लाडोबा करून ठेवलायस."

"उकडलेला भात आणि कोंबडी, याशिवाय मी काही देत नाही!"

"म्हणजे माझ्यापेक्षा बरा जेवतो," धाकटा दीर कागद कापायच्या यंत्रामागून म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा."

पिल्लू असताना तिनेच त्याला आणलं होतं. या घरात तिच्या पहिल्या हाकेला येणारा तो एकटाच. गोदामात तो साखळीला बांधलेला राहणार, हे तिला माहीत होतं. तिने त्याला शिलाईच्या टेबलाच्या पायाला बांधलं आणि फडकं धुवायला मागे गेली.

परत आली तेव्हा सासऱ्यांनी दुपारची खळ शिजवून खाली उतरवली होती. पातेल्याच्या कडेचा गोळा त्यांनी झाकणीत काढला होता आणि ढब्बू तो मिटक्या मारत खात होता.

तिने झाकणी हिसकावली. "हे काय देताय?"

"खळ. मैदा आणि पाणी. लहानपणापासून खातोय. कीड लागू नये म्हणून निळं मोरचूद घालतो, पण त्याचा वाटा आधी काढतो. विष आहे ते, कळतं मला."

यंत्र थांबलं. दीर पुढे आला. "बाबा... मोरचूद आता मैद्यातच असतं. मी कुटून आधीच मिसळून ठेवतो. वेळ वाचतो."

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मैद्याला नवा डबा आणला तेव्हापासून."

"आणि मी वरून घालतोच आहे!" सासरे म्हणाले. "म्हणून अस्तराच्या कागदावर निळे डाग! त्या कागदवाल्याशी उगाच भांडलो मी."

"कागदवाल्याचं राहू द्या!" ती ओरडली. "भाऊजी, सांगायला तोंड नव्हतं?"

"बाबांना काही सांगायला गेलं की म्हणतात, मला शिकवू नकोस."

"मग मला सांगायचं! ओकाऱ्या मी पुसतेय!"

तेवढ्यात गोदामवाला दोरी घेऊन दारात उभा राहिला. "कुठाय पेशंट?"

"आज राहू द्या," सासरे घाईने म्हणाले. "बघू नंतर."

"नंतर काय बघायचंय?" सून म्हणाली. "का न्यायला बोलावलं आणि आता का नको, ते सरळ सांगा, बाबा."

सासऱ्यांचे कान लाल झाले. ते एकदा मुलाकडे, एकदा पातेल्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "कुत्र्यात काही खोट नाही. मीच त्याला विष चारत होतो."

गोदामवाला दोरी गुंडाळत निघून गेला.

हे ऐकलं की आपला राग उतरेल असं तिला वाटलं होतं. तसूभरही उतरला नाही. आताच्या गोळ्यातला निम्मा तर ढब्बूच्या पोटात गेला होता. तिने उरलेला कागदात बांधला आणि कुत्र्याला सोडलं.

"चला," ती सासऱ्यांना म्हणाली. "काय घालता, किती घालता, ते डॉक्टरांना तुमच्या तोंडाने सांगा."

त्यांनी चपला घातल्या. रस्त्यात ढब्बू शेपूट हलवत त्यांच्याच पायांत घुटमळत होता, आणि त्याचाही तिला राग आला.