बिघाडमंत्री

घरातला कॉम्प्युटर बंद पडला की आपण आधी काय शोधतो? बिघाड? छे, आरोपी! त्या घरातही रविवारी सकाळी तेच झालं. स्क्रीन निळी पडली, मशीन आपोआप बंद झालं, पुन्हा सुरू होता होता मध्येच अडकलं, आणि मुलाने पेपरातून डोकंही वर न काढता विचारलं, "आई, काय केलंस?"

आईने काहीच केलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ती दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. इतिहासाचं अख्खं पुस्तक तिने याच मशीनमध्ये वाचून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ते संस्थेला पाठवायचं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. रेकॉर्डिंग गेलं असतं तर पुन्हा वाचायला वेळच नव्हता, म्हणजे मुलं पुस्तकाविनाच परीक्षेला बसली असती.

"मी फक्त वाचत होते रे," ती म्हणाली.

"तू बसलीस की हे असंच होतं. आमच्या बिघाडमंत्री!"

हे खातं तिला घरानेच दिलं होतं. त्याचं असं झालं, स्क्रीनवर सूचनेची चौकट आली की मुलगा फुली दाबून मोकळा व्हायचा, सून फुली दाबायची, बाबा तर चष्मा शोधायच्या आधीच फुली दाबायचे. एकटी आई हाक मारायची, "अरे, हे बघा, काहीतरी म्हणतंय!" प्रत्येक बिघाड तिच्याच तोंडून कळायचा, म्हणून तो तीच करते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

दोनदा थापट्या मारूनही मशीन बधेना, तेव्हा सुनेने मावशीला फोन केला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि कुणाची भीडभाड ठेवायची नाही. आल्या आल्या तिने टेबलाच्या बंद कप्प्यातून सीपीयू बाहेर ओढला.

"याला कपाटात कुणी कोंडलं?"

"धूळ बसू नये म्हणून," बाबा म्हणाले.

"तापून मरेल तो! आणि हे दोन-दोन अँटिव्हायरस?"

"मी टाकलेत," मुलगा म्हणाला. "म्हटलं, दुप्पट सुरक्षित."

"ते दोघे एकमेकांनाच चोर समजून झडती घेत बसलेत. मशीन कामाला कधी लागणार?" सुनेला हसू आवरेना. मावशी मात्र आता गंभीर झाली होती. "खरं दुखणं वेगळंच आहे. हार्ड डिस्क जायला आलीय. पण हे एका दिवसात होत नाही. सूचना आली नव्हती का?"

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने बाबांकडे.

"आली होती," आई हळूच म्हणाली. "गेले कित्येक दिवस येतेय. डिस्कमध्ये दोष आहे, फाइलींची दुसरी प्रत काढून ठेवा, म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?" मुलगा ओरडलाच.

"सांगितलं की मीच बिघडवला म्हणता. मग मीही फुली दाबायला शिकले."

मुलाचा चेहरा उतरला. मावशी त्याच्याकडे वळली. "ऐकलंस? या घरात एकच माणूस डोळे उघडे ठेवून बसलं होतं, त्यालाही तुम्ही गप्प केलंत. आता हे मशीन सुरू झालंच, तर आधी तिचं पुस्तक बाहेर काढू. बाकी साफसफाई नंतर. आणि खबरदार कुणी थापट्या मारल्या तर!"

मशीन निवू दिलं. तिसऱ्या खटपटीला ते कसंबसं सुरू झालं. मावशीने पेन ड्राइव्ह लावला आणि धडे एकेक करून उतरू लागले. शेवटच्या धड्याला हिरवी पट्टी अर्ध्यात अडकली. आईने पदर तोंडाशी धरला. आणि पट्टी हलली! पुढे सरकली! पूर्ण झाली! मावशीने तो धडा आपल्या लॅपटॉपवर लावला, खोलीत आईचा स्वच्छ आवाज घुमला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मावशी जाताना बजावून गेली : डिस्क बदला, एकच अँटिव्हायरस ठेवा, मशीन मोकळ्या हवेत ठेवा, अधूनमधून प्रत काढा, आणि फुली दाबण्याआधी वाचा.

जेवताना मुलगा म्हणाला, "आई, चुकलो मी. आता खरं सांग, आणखी काय काय सांगायचं राहिलंय?"

आई जरा घुटमळली. "बाथरूमच्या बटणातून ठिणगी उडते. गॅसची नळी चिरलीय. आणि... माझ्या डाव्या डोळ्याला ओळी वाकड्या दिसतात. वाचताना तो मिटूनच घेते. म्हटलं, उगाच कशाला नवी कुरबुर!"

बाबा ताटावरून उठले आणि आधी गॅस सिलिंडर बंद करून आले. सोमवारी पुस्तक संस्थेला गेलं आणि मुलगा रजा टाकून आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई बराच वेळ तपासत होत्या. मग म्हणाल्या, "वेळेत आलात. इंजेक्शनं घ्यावी लागतील, पण नजर वाचेल. आणखी थोडे दिवस गप्प बसला असतात, तर अवघड होतं." मुलगा तिथल्या बाकावर बसून आईचा हात धरून रडला. आई त्याचीच समजूत घालत राहिली.

मंडळी, घर असो की ऑफिस, ज्याला बिघाड सगळ्यांच्या आधी दिसतो असं एखादं माणूस प्रत्येक ठिकाणी असतंच. आपण त्यालाच कटकट्या ठरवतो. तसं केल्याने बिघाड थांबत नाही, फक्त सांगणारं तोंड बंद होतं. तुमच्या घरातलं ते माणूस कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज त्याच्याजवळ बसा, काय दिसतंय ते विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत ऐका.