वाडग्यात उमललेलं मेलेलं झाड

पिंपळे सौदागरच्या एका हॉलमध्ये दर रविवारी हजारभर माणसं जमायची. पुढे मरुबाबा, आणि त्यांच्यासमोर रोग्यांच्या नावाचे काचेचे वाडगे. प्रत्येकात वाळवंटातली एक सुकी बूटी, मुठीएवढी, वळून गोळा झालेली. प्रवचन संपेपर्यंत ती पाण्यात हळूहळू उमलायची आणि लोक हात जोडून रडायचे.

"पन्नास अंशांच्या उन्हात जी मरत नाही, ती तुमच्या गाठीला जगू देईल?" बाबा विचारायचे. "बूटी उमलली की कॅन्सर जळाला. मिटलेली राहिली, तर समजा अंगात अजून इस्पितळाचं विष आहे."

विष म्हणजे केमो. चाकणला गॅरेज चालवणाऱ्या युसुफच्या बायकोच्या, झुलेखाच्या, स्तनात गाठ होती. दोन केमोंनी तिचे केस गेले, तोंड फोडांनी भरलं, पाणी गिळवेना. तिच्या नावाची बूटी तीन रविवार मिटलेलीच. तिने तिसरा केमो टाळला, तसं बाबांना कळवलं आणि चौथ्या रविवारी बूटी उमलली. युसुफने पेढे वाटले. मी शेजारी, मीही खाल्ला आणि गप्प बसलो, याची लाज अजून वाटते.

युसुफची बहीण इफ्फत गप्प बसली नाही. ती निगडीला विज्ञान शिकवते. अत्तर आणि जडीबुटी विकणाऱ्या दुकानातून तिने तसलीच बूटी आणून झुलेखासमोर भिजवली. उमलली. वाळवली, मिटली. भिजवली, पुन्हा उमलली.

"भाभी, हे झाड मेलेलं आहे. पावसाळ्यात दार फुगतं, तसं हे पाण्याने फुगतं. नाव कुणाचंही घ्या."

"मग माझी तीनदा का नाही उमलली?"

ते शोधायला इफ्फत, युसुफ आणि मी रविवारी हॉलमध्ये गेलो. तिथे आलेल्या मंजुळाबाई नावाच्या एका रोगी बाईंचा केमो चालू होता. त्यांची बूटी मिटलेली. इफ्फतने सरळ जाऊन ती उचलली.

"पोरी, हात लावू नगंस, द्येवाचं हाय त्ये," मंजुळाबाई म्हणाल्या.

इफ्फतने बूटीभोवती गुंडाळलेला पारदर्शक नायलॉनचा धागा नखाने ओढून दाखवला, कात्रीने कापला आणि बूटी परत पाण्यात ठेवली. "आता थांबा," ती म्हणाली.

लोक बाबांवर नाही, तिच्यावर धावले. कुणी तिची ओढणी खेचली. युसुफ मध्ये पडला, त्याने मार खाल्ला. या गोंधळात बाबा मागच्या दाराने गाडीत बसले. तासाभराने बूटी पूर्ण उमलली, तेव्हा बघायला वीसेक माणसं उरली होती. त्यांत मंजुळाबाई होत्या.

झुलेखा डॉक्टरांकडे परतली. मधल्या काळात गाठ वाढली होती.

"वाळवंटी वनस्पतींवर संशोधन चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "केमोचा त्रास कमी करायला त्यातलं काही उद्या उपयोगी पडेलही. पण केमोच्या सोबतीला, केमोच्या जागी नाही. आणि तोंडातल्या फोडांवर माझ्याकडे आजही औषध आहे. तुम्ही मला सांगितलंच नाही."

झुलेखाचे उपचार पुन्हा सुरू आहेत. ती बरी होईल का, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. बाबा मात्र छातीठोक सांगत होते. म्हणून एवढंच म्हणतो: जो औषध बंद करायला सांगतो, त्याला आधी प्रश्न विचारा. प्रश्न विचारल्याने खरं औषध कधी नासत नाही.