तळ नसलेला खुराडा

मी कोंबड्यांचा खुराडा बोलतोय. लगेच नाक मुरडू नका. नाक मुरडणाऱ्यांची मला सवय आहे. अलीकडे त्यातलेच काही जण टेप घेऊन माझी मापं काढायला येतात. माणसाची तऱ्हाच न्यारी! एखादी वस्तू वर्षानुवर्षं अडगळ म्हणून हिणवतील आणि एक दिवस तिलाच डोक्यावर घेऊन नाचतील. मी तेव्हाही गप्प होतो. आज मात्र बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल नको ते सांगत फिरणारे फार झालेत.

मला बनवलं या घराच्या मालकांनी, पेटीवाल्यांनी. ते काचेच्या कारखान्यात होते. बरण्या भरून पाठवायच्या लाकडी पेट्या ठोकायच्या, हे त्यांचं काम. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बायकोने हौसेने चार कोंबड्या आणल्या, तेव्हा मोडक्या पेट्यांच्या फळ्या गोळा करून त्यांनी एका सुट्टीच्या दिवसात मला उभं केलं. एखाद्या घराचं छप्पर अलगद उतरवून गवतावर ठेवावं, तसा मी दिसतो. एका टोकाला फळ्यांची बंद खोली. तिच्यात बसायला दांडी आणि अंड्यांसाठी पेंढ्याचा कोपरा. बाकीची सगळी लांबी जाळीची, आणि तिथे खाली तळच नाही. नुसतं गवत. उचलायला दोन्ही टोकांना मुठी.

माझ्या डाव्या अंगाला एक फळी आहे. तिच्यावर कारखान्याच्या काळ्या रंगात 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं आणि शेजारी बाण. पेटीवाल्यांनी घाईत ती फळी उलटी ठोकली. बाण सरळ जमिनीकडे! बायको पोट धरून हसली.

"अहो, जन्मभर लोकांच्या पेट्या सरळ केल्यात आणि घरचीच उलटी?"

"कोंबड्यांना कुठे वाचता येतं?" असं म्हणून त्यांनी हातोडी ठेवून दिली. बाण आहे तिथेच राहिला.

माझं काम रोज सकाळी सुरू व्हायचं. चहा झाला की दोघं परसात यायची. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला त्या. "एक, दोन, उचल!" मला वीतभर उचलायचं आणि माझ्या लांबीइतकं पुढे नेऊन ठेवायचं. कोंबड्या आतल्या आत तुरुतुरु चालत नव्या गवतावर यायच्या. किडे, कोवळे कोंब, उकरायला ताजी माती, सगळं पुढ्यात. माती मागे राहिलेली घाण पोटात घ्यायची. परसात माझे एकवीस मुक्काम होते. फिरून पहिल्या जागी येईपर्यंत तिथलं गवत पुन्हा हिरवंगार झालेलं असायचं. वास नाही, चिखल नाही, झाडलोट नाही.

एक गोष्ट मात्र होती. मला एकट्याने उचलता यायचं नाही. एका टोकाने ओढलं की दुसरं टोक कोंबड्यांच्या पायांवर यायचं. त्यामुळे पेटीवाल्यांचं बायकोशी कितीही वाजलेलं असो, सकाळी दोघांना यावंच लागायचं. तोंडं दोन दिशांना असायची. पण "एक, दोन" म्हणायला तोंड उघडावं लागतंच की! मग कुणीतरी म्हणायचं, "जरा डावीकडे घ्या." दुसरं म्हणायचं, "घेतलंय." तिथेच अबोला मोडायचा. मी त्यांची कितीतरी भांडणं अशी मोडली आणि त्याचं श्रेय मला कुणी कधी दिलं नाही.

मग पेटीवाले गेले. दुसऱ्या सकाळी त्यांची बायको, आमच्या बाई, सवयीने परसात आल्या आणि त्यांनी आपल्या टोकाच्या मुठी धरल्या. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग हात सोडून आत गेल्या. आठवडाभरात कोंबड्या ओळखीपाळखीत वाटल्या गेल्या आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यात जुने टायर आले, फुटक्या कुंड्या आल्या, एकदा मांजरीने पिल्लंही घातली. त्या वर्षांबद्दल मी फार बोलणार नाही. मला करमत नव्हतं, एवढंच.

आणि मग बाईंची सून आली. तिने बारा कोंबड्या आणल्या, तेव्हा माझ्या फळ्याफळ्यांतून आनंद सळसळला. पण तिच्या नवऱ्याने दुकानातून पत्र्याचं चकचकीत शेड आणलं. खाली सिमेंटची फरशी केली. विकणारा सांगून गेला, "दहा वर्षं बघायला नको, ताई." दहा वर्षं कसली, दहा दिवसांत बघवेना. सिमेंटवर उभं राहून कोंबड्यांचे तळवे सुजले. उकरायला काही नाही, म्हणून त्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. वासाचं तर विचारूच नका. शेजारी गाण्याच्या मास्तरीणबाई राहतात. त्या एक दिवस कुंपणाशी आल्या.

"माझं पहिलं वाक्यच असतं, खोल श्वास घ्या म्हणून. मुलींनी घेतला. दोघी निम्म्या तासातून उठून गेल्या! काय समजायचं मी?"

सून ओशाळली. महिनाअखेरपर्यंत वास गेला नाही तर कोंबड्या विकून टाकायच्या, असं नवऱ्याने मास्तरीणबाईंना कबूल केलं. सुनेने विनवण्या केल्या, पण त्याने शब्द दिला होता. त्या दिवशी ती पाण्याचं भांडं भरताना कोंबड्यांशी बोलत होती. "तुम्हाला नाही हं जाऊ देणार," म्हणत होती, पण आवाजात जोर नव्हता. लहानपणापासून तिला कोंबड्या पाळायच्या होत्या आणि भाड्याच्या खोल्यांमधून ते कधी जमलं नव्हतं. हे सगळं ती त्या कोंबड्यांनाच सांगत होती. मी भिंतीशी उभा राहून ऐकत होतो.

बाई त्या वेळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या होत्या. सुनेने त्यांना फोन केला. बाई म्हणाल्या, "अगं, तो जुना खुराडा आहे ना, त्यात घाल त्यांना." तेवढ्यात फोन कट झाला. पुढचं सांगायचं राहून गेलं.

टायर निघाले, कुंड्या निघाल्या. मला धुतलं, जाळी बदलली. मी हरखून गेलो. आणि मग सुनेच्या नवऱ्याने, बाईंच्या मुलाने, मला आडवं करून खाली पाहिलं. हा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. खोक्याला तळ नसणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार!

"अगं, याचा तळ कुजून पडलाय! बरं झालं बघितलं," तो म्हणाला. धावत जाऊन जाड प्लायवूड आणलं आणि मोठ्या मायेने माझ्या पोटाला ठोकलं. छत्तीस स्क्रू! मी आतल्या आत ओरडत होतो, पण खुराड्याचं ऐकतं कोण?

त्या प्लायवूडवर कोंबड्यांची अवस्था शेडपेक्षाही वाईट झाली. मी इतका जड झालो की हलवायचा प्रश्नच नव्हता, आणि हलवायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मास्तरीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. महिना संपायला आठ दिवस उरले. सून कोंबड्या कुणाला देता येतील, याची चौकशी करू लागली.

आणि बाई परत आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी. पिशवी खाली न ठेवताच परसात आल्या, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मी," मुलगा अभिमानाने म्हणाला. "तळ गेला होता ना."

"गेला नव्हता रे बाबा, कधी नव्हताच! तळ नाही हीच तर तुझ्या वडिलांची सगळी अक्कल! लहानपणी रोज बघत होतास की."

"मी अंडी बघायचो," मुलगा खाली मान घालून म्हणाला.

छत्तीस स्क्रू त्यालाच काढावे लागले. बाई शेजारी उभ्या राहून एकेक मोजत होत्या. शेवटचा निघाला, प्लायवूड खाली पडलं आणि माझ्या पोटाला इतक्या वर्षांनी गवत लागलं. काय सांगू तुम्हाला!

दुसऱ्या सकाळी बाईंनी आपलं जुनं टोक धरलं. समोरचं टोक सुनेच्या हातात दिलं. "मी म्हणेन तेव्हाच उचलायचं. घाई नको. एक, दोन..." आणि बाई समोरच्या टोकाकडे बघतच राहिल्या. मग सुनेनेच म्हटलं, "उचल!" सासूला एकेरी हुकूम सोडला हे लक्षात येऊन तिने जीभ चावली, तर बाई हसायलाच लागल्या. कोंबड्या तुरुतुरु पुढे आल्या.

आठ दिवसांत आठ मुक्काम झाले. महिनाअखेरीला मास्तरीणबाई कुंपणाशी आल्या. सून पाण्याची झारी हातात घेऊन जागच्या जागी थिजली. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले आणि असा काही लांब श्वास घेतला की मला वाटलं आता गाणारच.

"छान झालं हं," त्या म्हणाल्या. "कधी विकल्यात कोंबड्या?"

तेवढ्यात आतून आमच्या थोरल्या कोंबडीने अंडं घातल्याची दवंडी पिटली. सुनेच्या जिवात जीव आला. ते अंडं मास्तरीणबाईंकडेच गेलं आणि आता आठवड्याला सहा जातात.

पुढे बातमी पसरली. लोक बघायला येऊ लागले. कुणी म्हणे ही एकदम नवी पद्धत, कुणी म्हणे परदेशातून आली. पलीकडच्या गल्लीतल्या सुतारकाम करणाऱ्या मुलीने माझी मापं घेतली आणि हुबेहूब माझ्यासारखे सात खुराडे बनवले. हुबेहूब म्हणजे किती? माझ्या फळीवरची अक्षरं कधीच पुसली गेली होती, पण बाण शिल्लक होता. तिला वाटलं, जुन्या कारागिराने काही हेतूनेच काढला असणार. म्हणून सातही खुराड्यांवर तिने जमिनीकडे बोट दाखवणारा बाण मोठ्या निगुतीने रंगवला. गिऱ्हाईक विचारतात तेव्हा सांगते, "पारंपरिक खूण आहे." बाईंना हे कळलं त्या दिवशी त्या पेटीवाल्यांच्या फोटोपुढे एकट्याच हसत बसल्या होत्या.

तीच मुलगी एकदा म्हणाली, "मावशी, याला दोन चाकं लावून देऊ? एकट्याने ढकलता येईल."

"तेच नको," बाई म्हणाल्या. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

आता मी म्हातारा झालोय. एक कोपरा भुसभुशीत झालाय, जाळीला ठिगळं आहेत. बाईंचा खांदाही दुखतो. त्यामुळे गेल्या महिन्यापासून त्यांचं टोक मुलाकडे आलंय. परवा त्या नवराबायकोचं चांगलंच वाजलं, कशावरून ते मला ठाऊक नाही. सकाळी दोघं आली ती तोंडं फिरवूनच. मुठी धरल्या. कुणी बोलेना. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

शेवटी मुलगा पुटपुटला, "एक, दोन..."

"जरा डावीकडे घे," सून म्हणाली.

"घेतलंय."

मी उचलला गेलो. बाईंनी हळूच दार लोटून घेतलं आणि आत जाऊन चहा टाकला, तीन कप.

तेव्हा तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा भिंतीला टेकून उभा असेल, तर त्याला तळ ठोकू नका आणि चाकंही लावू नका. एक टोक तुम्ही धरा आणि दुसऱ्या टोकाला घरातल्या माणसाला हाक मारा.